मदत हवी आहे: बोलोन्यात विषय धरून पायी फिरायचंय (आई, लेक आणि मी)

माजघर:

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी इटलीत बोलोन्याला जातोय. भाची तिथे विद्यापीठात शिकते, उतरायचं तिच्याकडेच. पण तिचे वर्ग चालू असणार, त्यामुळे दिवसभर आमचं आम्हालाच बघायचंय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसवर इथे भरपूर लिहिलं गेलंय. बोलोन्यात मात्र लोक गाडी बदलतात आणि पुढे जातात असं दिसतंय.

'ही दहा ठिकाणं चुकवू नका' छापाची यादी नकोय. एका फेरीत एकच विषय घेऊन फिरायचंय. एकदा कमानींचे पोर्टिको (रस्त्याकडेचे छपरी पदपथ), एकदा विद्यापीठ, एकदा बाजार आणि खाणं, जमलं तर कालवे. जुनं शहर आटोपशीर आहे, सगळं पायी होतं असं भाची म्हणते. पण ती बावीस वर्षांची आहे आणि तिच्या 'दहा मिनिटांत पोचाल'वर माझा काडीचा विश्वास नाही.

माणसं अशी: आई सत्तरीच्या पुढची. सपाटीवर माझ्याही पुढे चालते, जिने आणि चढ मात्र नकोत. चर्चमध्येही देवळात बसावं तशी निवांत बसते. अंडं खात नाही, मांसाचा तर प्रश्नच नाही. लेक नववीत. चित्रांच्या दालनात नेलं की तिचे पाय दुखायला लागतात. सांगाडे, यंत्रं, गूढबिढ काही असलं की हलता हलत नाही. मी मधली. मला काय आवडतं ते अजून कुणी विचारलेलं नाही.

अडलंय इथे. लेकीला आसिनेल्ली मनोरा चढायचा होता, ९७ मीटर उंच आणि ४९८ पायऱ्या. पण शेजारचा कललेला गारिसेन्दा धोक्यात आला म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून दोन्ही बंद आहेत. मग उंचावरून शहर बघायला दुसरं काय? सान लुकाच्या टेकडीवरची कमानींची वाट आईला झेपेल का? लेकीसाठी निव्वळ विज्ञानाची अशी एक फेरी होईल का? आणि आईने खायचं काय? नोव्हेंबरच्या तोंडावर पाऊस असतो म्हणतात, त्यात हे सगळं पायी करावं की नाही, तेही सांगा.

कमानीखाली:

माजघरताई, पावसाचा बाऊ करू नका. मी तिथे शिकायला होतो आणि माझी छत्री बहुतेक वेळ खोलीतच पडून असायची. शहरात मिळून ६२ किलोमीटर पोर्टिको आहेत, २०२१ साली युनेस्कोच्या यादीतही गेले. मध्ययुगात विद्यार्थी आणि कारागीर इतके वाढले की लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली टेकू दिले. इतर शहरांनी असली बांधकामं पाडली. बोलोन्याने उलट केलं: १२८८ साली नियमच काढला की नवीन घर बांधाल तर पोर्टिको हवाच, आणि घोडेस्वार जाईल एवढा उंच हवा. जागा मालकाची, वहिवाट सगळ्यांची.

ही फेरी स्त्रादा माज्जोरेवर सुरू करा. कासा इसोलानी नावाचं घर आहे, तेराव्या शतकातलं, त्याचा पोर्टिको अजून ओकच्या लाकडी खांबांवर उभा आहे. मान वर करून तुळयांमध्ये रुतलेले तीन बाण शोधायचे. लेकीला कामाला लावा, सहज दिसत नाहीत. मारेकरी खिडकीतल्या बाईकडे बघत राहिले आणि नेम चुकला, अशी कथा सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, बाण मात्र आहेत. त्याच रस्त्यावर थोडं पुढे सांता मारिया देई सेर्वीचा प्रशस्त पोर्टिको आहे, इतक्या बारीक खांबांवर एवढा पसारा उभा कसा असं वाटतं. परत फिरून इसोलानीच्या चौकातून आरपार गेलात की थेट सान्तो स्तेफानोच्या चौकात निघता.

इथे आईंना सांभाळा. चौकात नदीतले गोटे बसवलेत, गुडघ्याला वाईट. मधून सपाट दगडी पट्टे गेलेत, त्यांवरूनच चालायचं. समोरच्या देवळांच्या समूहाला 'सात चर्च' म्हणतात, आता त्यातली चार उरलीत. एकातून दुसऱ्यात, मग अंगणात, मग पुन्हा अंधाऱ्या गोल चर्चमध्ये असं जायचं. आईंना तिथे तास गेला तरी कळणार नाही.

'बोलोन्याची सात रहस्यं' म्हणून एक लाडकी फेरी आहे, ती नववीसाठी अगदी योग्य. पालाझ्झो देल पोदेस्ताच्या कमानीखाली दोघींनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचं, मधल्या गर्दीतूनही ऐकू येतं. व्हिया इंदिपेंदेन्झाच्या तोंडाशी एका कमानीच्या छतावर लॅटिनमध्ये लिहिलंय: भाकरी म्हणजे जीवन, भांग म्हणजे संरक्षण, वाइन म्हणजे आनंद. भांग म्हणजे दोरखंड आणि कापडाचा ताग हो, तोच इथला मोठा धंदा होता. व्हिया पिएल्लावर भिंतीत एक छोटी खिडकी आहे, उघडली की खाली कालवा. नेपच्यूनच्या पुतळ्याचं 'रहस्य' तुम्ही सांगू नका, ती शोधेल आपलं आपण.

कालव्यांची वेगळी फेरी मात्र काढू नका. रेशमाच्या गिरण्या याच पाण्यावर चालायच्या, इतिहास मोठा आहे, पण बहुतेक कालवे आता रस्त्यांखाली गेलेत. व्हिया पिएल्लाची खिडकी आणि तिच्या समोरचा कठडा बघितला की झालं. तिथे फोटोची रांग असते, सकाळी लवकर जा.

अव्वल आळशी:

सान लुकाबद्दल. ६६६ कमानी, जवळपास चार किलोमीटर, सलग छपराखाली. पोर्ता साराघोझ्झा या जुन्या वेशीपासून मेलोनचेल्लोच्या कमानीपर्यंत सपाट आहे, तिथपर्यंत आई आरामात येतील. तिथून पुढे चढ आणि मधेमधे पायऱ्या. स्थानिक लोक व्यायाम म्हणून पळत चढतात, ते बघूनच मला धाप लागली.

मध्यवर्ती चौकातून पर्यटकांची छोटी रबरी चाकांची गाडी वरपर्यंत जाते. तिघी गाडीने जा, मग तुम्ही आणि लेक कमानींतून उतरा, आई त्याच गाडीने परत. उंचावरून बघायची हौसही तिथेच फिटेल.

कमानीखाली:

@अव्वल आळशी, उतरण्याबद्दल असहमत. ही वाट चढण्यासाठीच आहे. १४३३ साली पाऊस थांबेना तेव्हा टेकडीवरच्या चर्चमधली मेरीची प्रतिमा मिरवत शहरात आणली आणि पाऊस थांबला, म्हणून दरवर्षी मे महिन्यात ती खाली आणतात. आपल्याकडे पालखी निघते तसंच. त्या मिरवणुकीवर पाऊस पडू नये म्हणून १६७४ साली ही कमानींची वाट बांधायला घेतली. प्रत्येक वळणावर चर्च थोडं थोडं वर येतं. उतरताना पाठ फिरवून चालण्यात काय मजा? आई गाडीने पुढे जाऊन वर बसू देत, तुम्ही दोघी चढून या.

शहराच्या मध्यातच उंची हवी असेल तर पालाझ्झो दाक्कुर्सिओचा घड्याळाचा मनोरा आहे, तिकीट वेळेनुसार मिळतं. पायऱ्या आहेत. आसिनेल्लीपेक्षा पुष्कळ ठेंगणा, पण वरून ते दोन्ही बंद मनोरे समोर दिसतात. गारिसेन्दा ४८ मीटरच आहे, कललेला मात्र इतका की कवी दान्तेने 'इन्फेर्नो' या नरकावरच्या काव्यात त्याची उपमा वापरली.

पर्णपाचोळा:

विज्ञानाची फेरी होईल का म्हणजे काय! बोलोन्यात तीच करायची. विद्यापीठाची परंपरा १०८८ पासून सांगतात, म्हणजे गोष्टींना तोटा नाही. मी ज्या क्रमाने नेईन तो सांगते.

सान पेत्रोनिओपासून सुरुवात. १३९० साली सुरू झालेलं प्रचंड चर्च, दर्शनी भाग खाली संगमरवरी आणि वर नुसत्या विटा, तसाच अर्धा राहिला. आत डाव्या बाजूला जमिनीवर पितळेची लांबच लांब पट्टी आहे. ही खगोलशास्त्रज्ञ कासिनीची १६५५ ची मध्यान्हरेषा, सुमारे ६७ मीटर. वर २७ मीटरवर छताला भोक आहे, त्यातून उन्हाचा कवडसा पडतो आणि सूर्य डोक्यावर आला की पट्टी ओलांडतो. आता गंमत बघा. उन्हाळ्यात ही वेळ घड्याळात दुपारी सव्वाच्या पुढे जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे येतात, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कवडसा बाराला दोन मिनिटं कमी असतानाच पट्टीवर येतो. तुम्ही पावणेबाराला आत असलं पाहिजे. त्या दिवसांत सूर्य खाली असल्यामुळे कवडसा भोकापासून बराच लांब पडतो, गोल न दिसता मोठा, लांबट, फिकट अंड्यासारखा दिसतो आणि सरकताना डोळ्यांना कळतो. ढग असतील तर काही नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मोठी सॅक घेऊन जाऊ नका, दारात तपासणी असते. शनीच्या कड्यांमधली फट ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा कासिनी, लेकीला सांगा.

तिथून चर्चच्या बाजूलाच आर्किजिन्नासिओ, १५६३ ची विद्यापीठाची इमारत. अंगणात, जिन्यात, छतावर विद्यार्थ्यांची रंगीत कुलचिन्हं, हजारांनी. पहिल्या मजल्यावर शवविच्छेदनाचं लाकडी सभागृह आहे. सगळीकडे लाकडाचं कोरीव काम, चढत्या बाकांच्या मधोमध पांढरं संगमरवरी टेबल, आणि प्राध्यापकाच्या आसनावरचं छत्र पेलणारे दोन लाकडी पुतळे, त्यांना कातडीच नाही. एकेक स्नायू कोरलेला. २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात हे कोसळलं होतं, ढिगाऱ्यातून तुकडे वेचून पुन्हा उभं केलंय. आईंना जिना नको असेल तर त्या अंगणात बसतील, बघायला तिथेही भरपूर आहे. बाहेर पडलं की समोर बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग करणाऱ्या गाल्वानीचा पुतळा, हातातल्या पाटीवर त्याचा तो बेडूक.

दुपारनंतर व्हिया झांबोनीवर पालाझ्झो पोज्जी, विद्यापीठाचं संग्रहालय. माझ्या मते तुमच्या लेकीला बोलोन्यात सगळ्यात जास्त हे आवडेल. अठराव्या शतकातली मेणाची शरीरशास्त्राची मॉडेल्स आहेत, त्यातली कितीतरी आन्ना मोरांदी मांझोलिनी या बाईने बनवलेली. तिने स्वतःचाही मेणाचा पुतळा केलाय: लेस लावलेला रेशमी पोशाख, गळ्यात दागिने, आणि हातांखाली उघडलेली कवटी, मेंदू दिसतोय. शेजारी नवऱ्याचा पुतळा, त्याच्यापुढे हृदय. याच विद्यापीठाने १७३२ साली लाउरा बास्सी या भौतिकशास्त्रज्ञ बाईला पदवी आणि मग अध्यापकाची जागा दिली. बाई म्हणून जाहीर व्याख्यानांवर बंधनं होती, तेव्हा तिने घरातच प्रयोगशाळा थाटून शिकवलं. सोमवारी हे संग्रहालय बंद असतं, आणि १ नोव्हेंबरला इटलीत सार्वजनिक सुट्टी असते, त्या हिशेबाने दिवस ठरवा.

माजघर:

बापरे, किती दिलंत! पर्णपाचोळा, कवडशाची वेळ वाचून लेक आत्ताच वही घेऊन बसली आहे, आकाशातला कोन काढतेय. कमानीखाली, चढायचं हे नक्की. कालवे कटाप. आता आईच्या जेवणाचं कुणीतरी सांगा.

साखरभात:

मी सांगते, आणि आधीच सांगते की बोलोन्या यासाठी अवघड गाव आहे. तिथली शान म्हणजे ताजा पास्ता, आणि ती पोळी मैदा आणि अंड्यात मळतात. तालियातेल्ले, लझान्या, तोर्तेल्लिनी, सगळ्यात अंडं. रिकोत्ता भरलेले तोर्तेल्लोनी 'शाकाहारी' म्हणून पुढे येतील, पारीत अंडं असतंच. आईंसाठी सुका पास्ता मागायचा, रव्याचा, पेन्ने वगैरे, टोमॅटोच्या सॉसमध्ये. 'सेन्त्सा उओवा' म्हणजे अंड्याशिवाय, 'सेन्त्सा कार्ने' म्हणजे मांसाशिवाय. सूप घेताना पाणी भाजीचं की मांसाचं ते विचारा. तळलेल्या क्रेशेन्तिने गरम पुऱ्यांसारख्या दिसतात, मोह होतो, पण बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात. 'स्त्रुत्तो' हा शब्द लक्षात ठेवा. पार्मेझान चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेला दूध फाडणारा अर्क असतो, तो चालतो का हे आईंना आधीच विचारून ठेवा, तिथे पानावर बसल्यावर नको.

निराश होऊ नका. पिझ्झा मार्गेरिता कुठेही मिळेल (त्यावर चीज किसून घालू नका म्हणायचं). रस्त्यावर भाजलेले चेस्टनट त्या दिवसांत असतातच. आइस्क्रीम फळांचं घ्यायचं, दुधाळ प्रकारांत अंडं असू शकतं. बाजाराची फेरी क्वाद्रिलातेरोत करा, मध्यवर्ती चौकाला लागूनच, व्हिया पेस्केरिए व्हेक्किए आणि व्हिया द्रापेरिए या बोळांतून. अळंबी, आटिचोक, द्राक्षं बघत भाजी घ्या आणि भाचीच्या स्वयंपाकघरात पोळीभाजी करा. मासे आणि टांगलेली डुकराची मांडी दोन्हीकडे दिसणार, आईंना कल्पना द्या.

नगरी बाणा:

मुद्दाम लॉगिन केलं. एक अर्धा दिवस काढता आला तर फोर्लीला जा. रिमिनीकडे जाणाऱ्या लोकल गाडीने साधारण पाऊण तास. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारक. मराठी आडनावं वाचता येतील. वाटेत कास्तेल बोलोन्येझे सोडलं की गाडी सेनिओ नदी ओलांडते. याच नदीवर, खालच्या अंगाला लुगोच्या बाजूने, ९ एप्रिल १९४५ ला मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना खांद्यावरून काढलं, मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या नगर जिल्ह्यातले, निमजचे. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत, २१ एप्रिलला बोलोन्या जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालं. नेपच्यूनच्या चौकात भिंतीवर स्थानिक प्रतिकारसैनिकांचे फोटो लावलेत, ते आधी बघा आणि मग फोर्लीला जा, म्हणजे दुवा लागेल.

माजघर:

नगरी बाणा, हे माहीतच नव्हतं. आईचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत होते की आफ्रिकेत ते घरात कुणाला नीट आठवत नाही. आता ती म्हणते बाकी काही राहिलं तरी चालेल. फोर्ली स्टेशनपासून दफनभूमीपर्यंत तिला चालवत नेऊ का?

नगरी बाणा:

चालवू नका, स्टेशनवरून टॅक्सी करा आणि परतीचीही तिथेच ठरवून ठेवा. निघण्याआधी मामांचं पूर्ण नाव, गाव आणि रेजिमेंट क्रमांक मिळाला तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, युद्धात गेलेल्यांची नावं तिथे सापडतात. सुखरूप परत आले असतील तर अर्थातच मिळणार नाही. मग पेन्शनचे जुने कागद बघा, त्यात सेवेची नोंद असते.