मदत हवी आहे : भोरड्यांचा थवा एकदम कसा वळतो, हे मुलांना मैदानावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी मंगळवेढ्याच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. जानेवारीअखेर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि मुलांनी यंदा विषय घेतलाय भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

आमच्याकडं मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, खाली पोरं पत्र्याचे डबे बडवतात, थवा उठतो, दोन गिरक्या मारतो आणि शेजारच्या रानात जाऊन बसतो. वर्गातल्या निम्म्या मुलांनी पाखरं राखली आहेत. त्यामुळं थव्याबद्दल त्यांनी पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही. दिवस कलला की सगळे थवे तलावाकाठच्या बाभळींवर मुक्कामाला येतात, आणि बसण्याआधी आकाशात जे चालतं त्याला एक मुलगी म्हणाली, "सुपात जुंधळं घोळल्यागत दिसतंय, बाई."

त्याच मुलीनं विचारलं, "ह्यांचा म्होरक्या कुठला असतोय?" मी सांगितलं, सगळ्यात पुढचा. दुसऱ्या दिवशी ती परत आली. "बाई, थवा वळला की पुढचा मागं पडतोय आणि कडंचा पुढं येतोय. मग म्होरक्या दर खेपेला बदलतोय का?" मी चुकीचं उत्तर दिलं होतं हे तेव्हाच कळलं. तीन आठवडे वाचतेय.

वाचलेलं थोडक्यात. रोममध्ये हिवाळ्यात उत्तर युरोपातून स्टार्लिंग येतात, म्हणजे भोरडीच्या, आपल्या साळुंकीच्याच कुळातले पक्षी. तिथल्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावून भौतिकशास्त्रज्ञांनी थव्यातल्या एकेका पक्ष्याची जागा तिन्ही मितींत काढली. २००८ साली त्यांनी मांडलं की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांशी जुळवून घेतो. ते शेजारी किती अंतरावर आहेत याला महत्त्व नाही, किती आहेत याला आहे. त्या गटात जॉर्जो पारीसी होते, ज्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला वाटलं, झालं, हे मैदानावर करून दाखवू. ३८ मुलं उभी केली.

पहिल्या वेळी पुढं एक म्होरक्या ठेवला. मागच्या मुलांना तो दिसेचना. पुढचे वळले तेव्हा मागचे सरळ चालत होते आणि मधे गर्दी झाली. हे मला हवंच होतं. दुसऱ्या वेळी सांगितलं, तीन पावलांच्या आतले सगळे बघा. मुलं जरा पांगली की गट तुटले. हेही पटण्यासारखं. तिसऱ्या वेळी सांगितलं, जवळचे सात शेजारी निवडा आणि ते करतील तसं करा. इथं सगळं फसलं. मुलं मोजतच राहिली, कुणी मागं बघत पळालं, दोघं एकमेकांवर आदळली आणि एकाचा गुडघा चांगलाच फुटला. त्याला घरी सोडायला मी स्वतः गेले. तेव्हापासून प्रयोग थांबवलाय.

माझं अडलंय ते असं. पाखराला सात शेजारी जमतात ते माझ्या मुलांना का जमत नाहीत? ते खरंच सात मोजतं का? वळणाची बातमी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला इतक्या लवकर जाते कशी? आणि थव्यातून एक काळी लाट सरकल्यासारखी दिसते, ती म्हणजे काय? प्रदर्शनात परीक्षक यातलं काहीही विचारू शकतात, आणि उत्तर मुलांनी द्यायचंय.

----

प्रतिसाद : सदिश

ताई, तुमचा तिसरा प्रयोग फसला याचं कारण सात हा आकडा आहे, मुलं नाहीत.

सात शेजारी बघा असा नियम कुणी पक्ष्यांत पाहिलेला नाही. संशोधकांनी उलटीकडून सुरुवात केली होती. एका पक्ष्याच्या भोवती इतर पक्षी कसे विखुरलेत ते त्यांनी मोजलं. सगळ्यात जवळचा शेजारी सहसा बाजूला असतो, थेट समोर किंवा मागं क्वचित. दुसरा, तिसरा, चौथा शेजारी बघत गेलं की हा पक्षपात फिका होत जातो, आणि सहाव्या-सातव्यानंतर शेजारी कुठल्याही दिशेला सारखेच सापडतात. थवा दाट असो की विरळ, हा आकडा तिथंच राहिला. म्हणून म्हटलं गेलं की परस्परांचा प्रभाव तेवढ्यांपुरता आहे, आणि तो संख्येवर ठरतो. सात ही सरासरी आहे, आपण बाहेरून काढलेली. पाखरू काही मोजत नाही.

संख्येवर ठरण्याचा फायदा तुमच्या दुसऱ्या प्रयोगानंच दाखवलाय. ससाणा घुसला की थवा क्षणात ताणला जातो, अंतरं वाढतात. अंतराचा नियम असता तर कडेची पाखरं सुटून एकटी पडली असती, आणि ससाण्याला तेच हवं असतं. तो दुसरा प्रयोग टाकून देऊ नका, प्रदर्शनात तो पहिला ठेवा.

मुलांना सातऐवजी चार शेजारी द्या : डावीकडचा, उजवीकडचा आणि समोरचे दोन तिरके. माणसाचे डोळे समोर आहेत, पाखराचे डोक्याच्या दोन बाजूंना. न वळता मागचं दिसणं आपल्या नशिबात नाही, तर ते मुलांकडून मागू नका. पळवू नका, चालवा.

आता बातमीचा वेग. याच गटानं पुढं सेकंदाला १७० चित्रं घेणारे कॅमेरे वापरले आणि २०१४ मध्ये वळणाची लाट मोजली. वळण मोजक्या पक्ष्यांपासून सुरू होतं आणि सेकंदाला २० ते ४० मीटर या वेगानं पसरतं. ४०० पक्ष्यांचा थवा साधारण अर्ध्या सेकंदात वळतो. माझ्या मते यातली खरी नवलाची गोष्ट वेग नाही. ती बातमी वाटेत विरत नाही, ही आहे. कानगोष्टीच्या खेळात पहिल्यानं सांगितलेलं दहाव्यापर्यंत काहीच्या बाही होतं. थव्यात शेवटच्या पाखराला पहिल्याइतकंच वळण पोचतं, कारण शेजारी जितकं वळला तितकंच पुढचं वळतं, निम्मं किंवा पाऊण नव्हे. मुलांना हे एक वाक्य नक्की सांगा : शेजारी वळला तर त्याच्याइतकं वळायचं, कमी नाही.

----

प्रतिसाद : माळावरचा

बाई, त्या पोरीचं कौतुक वाटलं. पुढचा मागं पडतो हे तिनं राखण करता करता पाहिलं, हे प्रदर्शनात लिहाच.

काळ्या लाटेबद्दल. स्टार्लिंगच्या थव्यांवर ससाण्याच्या हल्ल्यात या लाटा बघितल्या गेल्यात. आधी समज असा की पाखरं तिथं दाटतात म्हणून काळं दिसतं. नंतर संगणकातल्या थव्यांवर तपासल्यावर दुसरं कारण पुढं आलं. घाबरलेलं पाखरू क्षणभर अंग तिरकं करून झटका मारतं, तेव्हा पंखांची रुंद बाजू आपल्याकडं होते. एकाचं बघून शेजारचं करतं आणि ती काळी पट्टी थव्यातून सरकत जाते. पुठ्ठ्यांनी दाखवता येईल. प्रत्येक मुलाच्या हातात काळा पुठ्ठा, एरवी कड समोर धरलेली, शेजाऱ्यानं फिरवला की आपण फिरवायचा. लांबून बघणाऱ्याला लाट दिसेल आणि जागचं कुणी हललेलं नसेल.

पुढाऱ्याचा मुद्दा मात्र सरसकट पुसू नका. कबुतरांच्या दहा-बाराच्या आतल्या थव्यांना जीपीएस बांधून पाहिलंय, २०१० मध्ये प्रसिद्ध झालं ते. तिथं काही पक्षी सातत्यानं दिशा ठरवतात आणि बाकीचे थोड्या उशिरानं त्यांच्यामागं वळतात. आणि उजनीच्या पाण्यावर येणारे पट्टकदंब जे बाणाच्या आकारात उडतात, ते प्रकरणच निराळं. पुढच्याच्या पंखाच्या टोकामागं हवा वर उचलली जाते, तिथं राहिलं की मागच्याचे कष्ट वाचतात. २०१४ मध्ये आयबिस पक्ष्यांवर उपकरणं लावून दाखवलं की मागचा पक्षी पंखांची उघडझाप पुढच्याशी जुळवून त्या उचलीचा लाभ घेतो. भोरड्यांचा दाट गोळा आणि पट्टकदंबांचा बाण एकाच तक्त्यावर लावाल तर पोरांचा गोंधळ होईल.

----

प्रतिसाद : रानपिंगळा

एक छोटी भर. क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञानं १९८७ मध्ये पडद्यावर थवा उडवला तो तीनच नियमांवर : शेजाऱ्याला धडकू नको, त्याच्या दिशेनं आणि वेगानं चाल, फार लांब जाऊ नको. तुमच्या मुलांना पहिला नियम आधी पाठ करायला लावा, गुडघे वाचतील.

आणि वेन पॉट्स यांचं १९८४ चं काम बघा. डनलिन नावाच्या पाणपक्ष्यांच्या थव्यात वळणाची लाट पुढं पुढं जाताना वेगवान होते असं त्यांना चित्रफितींत दिसलं. एका पाखराकडून दुसऱ्याकडं जायला साधारण १५ मिलिसेकंद, आणि प्रयोगशाळेत एकट्या पक्ष्याला दचकायला लागतात ३८. म्हणजे पाखरू फक्त शेजाऱ्यावर विसंबून नसतं, लांबून येणारी लाट बघून आधीच तयार असतं. नाचाच्या रांगेत आपली पाळी येताना पाय आपोआप उचलला जातो, तसं. ३८ मुलांना एकदा डोळे फक्त लगतच्या शेजाऱ्यावर ठेवून वळवा आणि एकदा नजर लांब ठेवून. फरक मोबाइलवर मोजा.

----

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. काल करून पाहिलं.

चार शेजारी, चालत, बोलायचं नाही. मी कडेच्या एका मुलाच्या खांद्याला हात लावायचा, तो वळणार, बाकीच्यांना तो कोण ते ठाऊक नाही. पहिल्या खेपेला वळण मधेच विरलं. "शेजाऱ्याइतकंच वळायचं" हे पुन्हा सांगितल्यावर तिसऱ्या खेपेला अख्खा थवा वळला! मुलं इतकी ओरडली की शेजारच्या वर्गाच्या बाई बाहेर आल्या. ज्याचा गुडघा फुटला होता त्यालाच कालचा पहिला वळणारा केला होता.

गच्चीवरून मोबाइलवर चित्रण केलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत १४ मीटर, वळण पोचायला पावणेतीन सेकंद, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. मुलं चालत होती सेकंदाला जेमतेम एक मीटरनं. फळ्यावर आकडे मांडले तेव्हा एका मुलानं विचारलं, "आपण एवढं हळू चाललो, मग वळण आपल्यापेक्षा जोरात कसं पळालं?" तिथं मला सदिश यांचे २० ते ४० मीटर आठवले. स्टार्लिंग उडतात सेकंदाला १० मीटरच्या आसपास, आणि त्यांचंही वळण त्यांच्यापेक्षा दुप्पट-चौपट जोरात पळतं. कुणीच पळालं नाही तरी बातमी पळाली, हे मुलांनी स्वतःच्या पायांनी केलंय. आता परीक्षकांनी काहीही विचारू दे. नजर लांब ठेवून मोजायचं उद्या करणार, पुठ्ठे कापायला दिलेत.

ती मुलगी आता वडिलांच्या माळ्यावर वही घेऊन बसते. तिची नोंद : गोफणीचा दगड पडतो त्या बाजूची कड आधी उठते आणि वळणही तिकडूनच सुरू होतं. हे खऱ्या थव्यावर चित्रित करायचंय. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही तलावावर असू. संथगती चित्रण होणारा मोबाइल मिळालाय, सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या वळणाची १२० चित्रं हाती येतील. हात हलतो, म्हणून तिवई हवी आहे. मंगळवेढा किंवा सोलापुरात कुणाकडं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी सकाळी परत आणून देईन.