भाजलेल्या मसाल्याचा वास सडका येतो. नाक पूर्ववत होईल का?

काळंतिखट_लातूर

नमस्कार. प्रश्न नाकाचा आहे आणि पोटापाण्याचाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लातूरजवळच्या एका गावात आमचा बायकांचा बचत गट आहे. काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची चटणी करतो. गटात भाजायचं काम माझं. खोबरं कधी उतरवायचं, दगडफूल तेलात किती ठेवायचं, धन्याचा कच्चटपणा गेला का नाही, हे मी आजवर नाकानं ठरवत आले. घड्याळ लावून मसाला भाजता येत नाही. धने यंदाचे का गेल्या सालचे, हवा दमट का कोरडी, यावर सगळं बदलतं.

दिवाळीनंतर घरात सगळ्यांना सर्दी-ताप झाला. ताप उतरला, नाक मोकळं झालं, पण वास गेला तो गेलाच. सारवलेलं अंगण, उदबत्ती, उतू गेलेलं दूध, कशाचाच पत्ता नाही. भाकरीचा घास तोंडात नुसता लगदा. मीठ कळायचं, लिंबाचा आंबटपणा कळायचा, गूळ गोड लागायचा. पण डोळे मिटून खाल्लं असतं तर आमटी कोणती आणि कालवण कोणतं ते सांगता आलं नसतं. मिरची तव्यावर टाकली की ठसका मात्र पहिल्यासारखाच लागायचा. वास येत नाही तर ठसका कसा लागतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

येळवशीच्या (वेळा अमावास्येच्या) सुमारास वास परत यायला लागला, आणि तो असा उलटा. शेतात कोपीपुढं पंगत बसली होती. भज्जीचं झाकण काढलं आणि जळकं रबर आणि काहीतरी कुजलेलं असा एकत्र दर्प आला. सगळे मिटक्या मारत खात होते. आंबिलातला लसूण तोंडाजवळ नेला तर तोच दर्प. तेव्हापासून कांदा परतला की तोच, तीळ भाजले की तोच, कॉफीचाही तोच. नवल म्हणजे कच्चे धने हातावर चोळले तर थोडे का होईना धन्यासारखे येतात. वेलदोडाही बरा येतो. भाजलं की बिघडतं.

सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मी जेवण निम्म्यावर आणलंय, कारण घरात फोडणी पडली की मळमळतं. भाजताना आता धाकटी जाऊ शेजारी उभी राहते. ती "आक्का, खोबरं करपायलंय" म्हणाली की मी उतरवते. जे काम मी आईकडून शिकले आणि हिला शिकवलं, ते तिच्या नाकानं करावं लागतंय. याचं मला फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे आणि गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाले. लग्नसराईच्या येसराच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. मला एवढंच विचारायचंय: हा उलटा वास म्हणजे नाक सुधारतंय का बिघडतंय? यावर कुठं संशोधन चालतं का? आणि घरी करण्यासारखं काही आहे का?

परभणीचा_पाव्हणा

ताई, माझ्या भावाचा वास कोरोनात गेला होता, महिनाभरात आपोआप आला. आमच्याकडं ओव्याची पुरचुंडी गरम करून हुंगायला देतात आणि झोपताना नाकात गाईचं तूप घालतात. करून बघा. कोणी नाकात घालायचे झिंकचे थेंबही सांगत होतं, ते चांगले म्हणे.

निवृत्त_रसायन_अंबाजोगाई

ताई, मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. २०२१ मध्ये माझ्या पत्नीच्या नाकाचं जवळजवळ तुमच्यासारखंच झालं होतं. तेव्हापासून या विषयावर जे वाचायला मिळतं ते वाचत आलोय. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी पाव्हण्यांच्या शेवटच्या ओळीबद्दल. नाकात झिंकचं काहीही घालू नका. अमेरिकेत सर्दीवर नाकात लावायचं झिंकचं जेल विकलं जायचं. ते वापरून लोकांचा वास गेल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ते वापरू नका असा जाहीर इशारा दिला. ओव्याची पुरचुंडी नुसती हुंगायची असेल तर हुंगा. फार गरम करू नका आणि नाकात काही ओतू नका.

आता तुमचं ठसक्याचं कोडं. वासाच्या पेशी नाकाच्या पार छताला, साधारण दोन भुवयांच्या मध्ये आत असतात. तिखटाची झणझण तिथं कळतच नाही. ती चेहऱ्याची जी वेगळी मज्जातंतू आहे, ट्रायजेमिनल नावाची, तिचं काम. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहकावर (पेशीवरच्या, ठरावीक रेणू ओळखणाऱ्या प्रथिनावर) बसतं तो डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये शोधला आणि त्यासाठी २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. तोच ग्राहक कढत चहाही ओळखतो. म्हणून तुमचा वास पूर्ण गेला तरी ठसका जागच्या जागी राहिला. मीठ, आंबट, गोड कळत होतं, कारण जीभही शाबूत होती. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घास चावताना घशाच्या मागून वर नाकात जाणारा वास असतो. आमटी आणि कालवण यांतला फरक तिथं होता, आणि तोच गेला.

मग वास का गेला? कोरोनाच्या काळात यावर जितकं काम झालं तितकं आधी कधी झालं नव्हतं. मार्च २०२० मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून रासायनिक संवेदनांच्या अभ्यासासाठी एक संघच उभा केला. त्याच वर्षी हार्वर्डच्या एका गटानं दाखवलं की विषाणूला आत शिरायला लागणारं प्रथिन वासाच्या पेशींवर नसतं, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतं. आधार पडला की वासाच्या पेशीही कामातून जातात. २०२२ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटानं ज्यांचा वास बराच काळ परत आला नव्हता अशांच्या नाकातले नमुने तपासले. तिथं विषाणू गेल्यानंतरही रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून होत्या आणि वासाच्या पेशी कमी झाल्या होत्या. तुमचा ताप कोणत्या विषाणूचा होता हे आता कळणार नाही. साध्या सर्दीच्या विषाणूंनीही असं होतं, ते पूर्वीपासून माहीत आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. या पेशींची एक गोष्ट फार मोलाची आहे: त्या आयुष्यभर नव्यानं उगवू शकतात. शरीरातल्या बहुतेक मज्जापेशींना हे जमत नाही. माणसात वासाचे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि एका पेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक. हे ग्राहक घडवणारी जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कुठलाही वास म्हणजे या ग्राहकांपैकी काहींचा एकत्र सूर. पेशी पुन्हा उगवताना काही आधी येतात, काही मागे राहतात, काहींचे धागे मेंदूत भलत्या ठिकाणी जोडले जातात असाही अंदाज आहे. अर्धेच वादक आले तर ओळखीचं गाणंही बेसूर वाजतं, तसं होतं. याला पॅरॉस्मिया म्हणतात. तो बहुतेक वेळा पूर्ण शांततेनंतर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतो, आणि बऱ्याच संशोधकांच्या मते नाक पुन्हा कामाला लागल्याची ती खूण आहे. तुमचा क्रम अगदी तसाच दिसतो.

आणि भाजलं की बिघडतं, हे तुम्ही जे टिपलंय ना, ते वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात जेन पार्कर यांच्या गटानं कॉफीचा वास यंत्रानं एकेका रेणूत सुटा केला आणि पॅरॉस्मिया झालेल्या माणसांना तो एकेक हुंगायला दिला. त्यांचा निबंध २०२२ मध्ये आला. सगळी कॉफी वाईट नव्हती. मोजके रेणू तेवढे किळस आणत होते, आणि त्यांत सगळ्यात पुढं होता भाजताना तयार होणारा एक गंधकयुक्त रेणू, २-फ्युरानमिथेनथायॉल. निरोगी नाकाला तोच भाजल्याचा खमंग वास देतो, आणि अगदी कणभर असला तरी जाणवतो. हाच रेणू भाजलेल्या तिळातही सापडतो. कांदा-लसणातही गंधकाचे रेणू भरलेले. कच्च्या धन्याचा आणि वेलदोड्याचा वास वेगळ्या कुळातल्या रेणूंचा, म्हणून तो सुटला. सासूबाईंना सांगा, दृष्ट नाही. यामागचं रसायन माणसांनी प्रयोगशाळेत पकडलंय.

घरी करण्यासारखं म्हणजे वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांच्या गटानं २००९ मध्ये तो तपासून मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळी आणि रात्री, प्रत्येक दहा-पंधरा सेकंद, निदान १२ आठवडे. झाकणाच्या लहान बाटल्या घ्या. निलगिरी तेल कापसावर घाला, लिंबाची साल ताजी किसा, लवंग चेचून ठेवा. जोरानं ओढायचं नाही, हळू हळू हुंगायचं आणि तो वास पूर्वी कसा यायचा ते मनाशी आणायचं. निलगिरीचा गारवा जाणवला तर तो वास समजू नका, तीही झणझणीचीच मज्जातंतू. याची खात्री कोणी देणार नाही, पण अपाय नाही, खर्च नाही, आणि आजवर सगळ्यात जास्त तपासलेला उपाय हाच. प्लेटलेट भरपूर असलेल्या रक्तद्रवाची इंजेक्शनं नाकात देऊन बघायच्या छोट्या चाचण्या झाल्यात, आशादायक आहेत, पण कोणी पैसे घेऊन ठाम हमी देऊ लागला तर थांबा. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, साखर वाढते.

एकदा दुर्बिणीनं नाक मात्र तपासून घ्याच. नाकात कोंब (मऊ गाठी) असतील किंवा सायनस जुना असेल तर वाटच अडलेली असते, आणि त्यावर वेगळे, चांगले उपचार आहेत. आमच्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरच्या सरकारी महाविद्यालयात, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. डोक्याला मार लागून वास गेला असेल, एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, किंवा मधुमेह असून चेहरा दुखतोय आणि काळसर स्राव येतोय, तर एक दिवसही थांबू नये. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसनं आपल्या भागात काय केलं ते आपण पाहिलंय.

आणि गॅस. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात, तेही गंधकाचंच. तुमच्या नाकाला कांदा आणि गळती यांतला फरक आज कळणार नाही. भाजायच्या खोलीत गळती ओळखणारं यंत्र लावून घ्या आणि काम संपलं की रेग्युलेटर बंद. हे उद्यावर टाकू नका.

खवाभट्टी_भूम

सरांनी शास्त्र सांगितलं, मी कामाचं बोलतो. आमचं कुंथलगिरी पट्ट्यातलं खव्याचं काम. माझ्या वडिलांचा वास उतारवयात गेला तरी ते भट्टीवर बसायचे. दूध लागायच्या आधी उलथन्याखाली खरखर हाताला जाणवते, आटताना बुडबुड्यांचा आवाज जड होतो, खवा कढई सोडायला लागला की कडेला तूप दिसतं. ते यावर खवा उतरवायचे आणि मालात फरक पडला नाही.

ताई, तुमच्या मसाल्यालाही या खुणा असतीलच. तीळ तडतडून थांबतात, धने चिमटीत कुरकुरीत फुटतात, खोबऱ्याचा रंग सांगतो. चांगल्या घाण्यातलं थोडं थोडं काचेच्या बरणीत नमुना म्हणून ठेवा आणि रंग त्याला लावून बघा. जावेचं नाक वापरा, ठरवायचं तुम्हीच. एवढ्या वर्षांचा हात नाकाबरोबर जात नाही.

काळंतिखट_लातूर

सगळ्यांचे आभार. सरांचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी तिळाचं दोनदा वाचायला लावलं.

अंबाजोगाईला जाऊन आले. दुर्बीण घातली, कोंब नाहीत, हाड थोडं वाकडं आहे पण वाट मोकळी आहे म्हणाले. सराव त्यांनीही सांगितला. गळतीचं यंत्र बसवलं. खवावाल्या दादांचं ऐकून खोबऱ्याचे आणि धन्याचे नमुने बरणीत भरले, जाऊबाईनं त्यावर चिठ्ठ्या लावल्या. जेवणाचं असं चाललंय की गार दहीभात, काकडी, फळं, कमी परतलेली मेथी एवढं खाली जातं. वजन उतरणं थांबलंय.

सर, एक विचारायचं राहिलं. बाटल्यांत मी हिंगही ठेवू का? येसराला हिंगच महत्त्वाचा, मला तो आधी परत हवा आहे.

निवृत्त_रसायन_अंबाजोगाई

आत्ता नको. हिंगाचा वासही गंधकाच्या रेणूंचाच, रोज दोनदा किळस आली तर तुम्ही सरावच सोडून द्याल. पहिले १२ आठवडे मुख्य वास ते चारच. नंतर बदलून वेलदोडा, बडीशेप, दालचिनी, पुदिना असे सोसणारे घ्या, वास बदलत गेल्यानं फायदा वाढल्याचं अभ्यासांत दिसलंय. कच्चे धने तुम्हाला ओळखू येतात, ते आजपासूनच पाचवी बाटली म्हणून चालतील. हिंगाचा खडा अधूनमधून लांबूनच बघा. माझ्या पत्नीला आधी कांदा सोसायला लागला, मग लसूण, आणि हिंग सगळ्यात शेवटी आला.