विषय: शनिवारी 'शेरनी' लावायचा की नाही? आजच कळवा

प्रेषक: बाळूभाऊ (सध्या गावी, ता. राळेगाव)

मंडळी,
पडदा आला, प्रोजेक्टर आला, मारुतीच्या पारासमोरची जागाही सरपंचबाईंनी दिली. घोडं पिक्चरवर अडलं आहे. डॅलसच्या आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या मीटिंगमध्ये गावात दाखवायला 'शेरनी' ठरला तेव्हा मीही हात वर केला होता. पण इथं ओसरीवर नाव काढलं तर आई म्हणे, "वाघाचाच काऊन दाखवता रे बापा, दुसरं काही भेटलं नाही का?" नाल्यापलीकडच्या घरी वाघिणीपायी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, ते लोकही बसणार समोर.

शिवाय फोनमध्ये डाऊनलोड करून वायर लावली तर आवाज येतो, चित्र काळंठिक्कर. आणि मंडळाच्या खात्यावर डॅलसला जे दिसतं त्यातलं निम्मं इथं दिसतच नाही. कोणाला काही समजतं का यातलं?

---

प्रेषक: खजिनदार, डॅलस
विषय: उत्तर: शनिवारी 'शेरनी'

बाळू, चित्र काळं येतं कारण कॉपी होऊ नये म्हणून अॅपच ते अडवतं. तो दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर फेकून दे आणि फायर स्टिक थेट प्रोजेक्टरला लाव. खात्याचं म्हणशील तर ज्या देशात बसशील तिथली यादी दिसणार. 'शेरनी' दोन्हीकडे दिसतो, कारण तो जून २०२१ मध्ये थेट प्राइमवरच आला होता.

पण मुख्य मुद्दा कोणीच काढत नाही. घरच्या खात्यावर चौकात पिक्चर दाखवता येत नाही, त्याला हक्कदारांची परवानगी लागते. मी हे मागेही लिहिलं होतं, तेव्हा सगळे भेळेच्या कंत्राटावर भांडत होते. आणि मंजुरी फक्त पडदा-प्रोजेक्टरच्या भाड्याला आहे. जनरेटरच्या डिझेलला नाही.

---

प्रेषक: मीनाताई (यवतमाळ, माहेरी)

'शेरनी' बदलू नका हो! मी तो कोरोनाच्या काळात डॅलसला पाहिला होता, परवा बाबांसोबत पुन्हा पाहिला. विद्या बालन कुठंही आवाज चढवत नाही, एकही टाळ्यांचं भाषण नाही. साहेब लोक पार्टीत शेरोशायरी करत बसतात आणि ही बाई मुकाट्यानं काम करत राहते. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले. ब्रिजेंद्र कालाचा तो बन्सल साहेब पाहून म्हणाले, "याच्या हाताखाली मी नोकरी केली." शरत सक्सेनाचा शिकारीही तसाच, मिशीपासून बुटापर्यंत खरा.

आणि त्यात वाघिणीला राक्षसीण केलेलं नाही. शेवटी बछडे कोण वाचवतं? गावातली ज्योती आणि गावातलेच लोक. आपल्या गावातल्या बायकांनी हे पाहायलाच पाहिजे.

---

प्रेषक: सुधाकर, प्लेनो

शेवट सांगून टाकला! मी अजून पाहिला नव्हता.

---

प्रेषक: गुरुजी (राळेगाव)

सर्वांस नमस्कार. मी मुलाकडून परत येऊन इथंच राहिलो असलो तरी माझं नाव यादीतून काढू नये, ही पुन्हा एकदा विनंती.

मीनाताई, सिनेमा नीटनेटका आहे. माझी तक्रार निराळी. त्यातली वाघीण गर्द रानात हिंडते. चित्रीकरण मध्य प्रदेशातलं, ते झाडांवरूनच कळतं. आपल्याकडची टी-१, जिला शहरातले लोक अवनी म्हणत, ती टिपेश्वर अभयारण्याच्या बाहेर होती. झुडपी जंगल, नाले आणि मधेमधे पऱ्हाटीची वावरं. पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की आत माणूस वाकून कापूस वेचतो आहे की जनावर दबा धरून बसलं आहे, हे धुऱ्यावरून दिसत नाही. कापूस तर वेचावाच लागतो, तो थांबत नाही. सिनेमात पऱ्हाटीचं एक झाड मला दिसलं नाही.

तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लागले. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्ये पडायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या भागात तिला गोळी लागली. त्याआधी काय काय झालं! पॅराग्लायडर आला, परदेशी कुत्री आली, परदेशी अत्तर शिंपडलं, हत्ती आणले. त्यातला एक हत्ती सुटला आणि त्याच्या पायाखाली चहांदची एक बाई गेली. यातलं निम्मं सिनेमात घातलं असतं तरी लोक म्हणाले असते, काहीतरीच दाखवतात. मग निर्मात्यांनी घातलं नाही ते ठीकच. पण त्या वर्षी आम्ही चारच्या आत वावरातून घरी यायचो आणि मजूर बाई एकटी यायला तयार नसायची, हे तरी यायला हवं होतं. सगळी घालमेल अधिकारी बाईची, गावकरी आपले मोर्चा काढण्यापुरते.

म्हणून दाखवू नये असं मी म्हणत नाही. अवश्य दाखवा. लोक नावं ठेवतील, ठेवू द्या.

---

प्रेषक: प्रकाश (खामगावजवळ, सासरवाडी)

गुरुजी, टिपेश्वरचाच एक वाघ २०१९ मध्ये निघून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. गळ्यात रेडिओ कॉलर, मजल तेराशे किलोमीटरच्या वर, मधेच तेलंगणातही डोकावून आलेला. एवढं चालून इथं त्याला वाघीण काही भेटली नाही. त्याच्यावर कोणी पिक्चर काढत असेल तर मी तिकीट काढून पाहीन.

---

प्रेषक: शुभावहिनी, डॅलस

अहो, दिवसभर राबून आलेल्या लोकांना वाघाचं काय दाखवता? 'पंचायत' लावा. हसतील तरी. चौथ्या सीझनमध्ये निवडणूक आहे, गावात तर फारच रंगेल.

---

प्रेषक: बाळूभाऊ

वहिनी, 'पंचायत'चे आठ-आठ भाग, एका रात्रीत कसे दाखवू? आणि त्यात प्रधान बाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा. आमच्या सरपंचबाईंचे यजमान पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार आहेत. ग्रामपंचायतीच्या सतरंज्याही त्यांच्याच शब्दावर मिळाल्या. मला अजून आठ दिवस इथं राहायचं आहे.

---

प्रेषक: शुभावहिनी, डॅलस

मग तर लावाच.

---

प्रेषक: मीनाताई

वऱ्हाडी कानावर पडायला हवी असेल तर 'नाळ' लावा. २०१८ चा. चैत्या झालेल्या लहान पोराला आणि दिग्दर्शकाला, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हशीचं पारडू मरतं आणि तिनं दूध द्यावं म्हणून त्यात भुसा भरून उभं करतात, तो प्रसंग पाहताना बाबांनी चष्मा काढला. शहरातल्या लोकांना तो प्रतीक वाटतो, बाबांनी तर गोठ्यात पाहिलेला.

तरी माझं मत 'शेरनी'लाच. हा पर्याय म्हणून.

---

प्रेषक: बाळूभाऊ

'नाळ' मलाही आवडतो, पण इथं नको. पोराला आपण दत्तक आहोत हे बाहेरून कळतं, सगळी गोष्ट त्यावरच. आमच्या आळीत एक पोरगा आहे, पाचवीत. त्याला अजून सांगितलेलं नाही. गावाला माहीत आहे. चौकात सगळ्या माना त्याच्याकडं वळतील. तुम्ही तिकडून पुरस्कार मोजता, मला इथं त्या पोराच्या मायला तोंड दाखवायचं आहे.

---

प्रेषक: बाळूभाऊ

(काकाच्या फोनवरून मी, पुतण्या.) काका, शनिवार कोनं ठरवला? या हप्त्यात वावरातली लाइन रातची हाय, दहाले येते. गहू-हरभऱ्याले पानी द्याले सारे मानसं जातीन, पिक्चर पाहाले बाया अन् लेकरंच राह्यतीन. तेबी रातच्या वक्ती वाघाचा पिक्चर पाहून मंग बॅटरी घेऊन वावरात जा म्हना त्याहिले! पुढच्या सोमवारपासून लाइन दिवसाची हाय, तवा लावा.

अन् नाल्यापलीकडच्या पोराले मी इचारलं. त्यानं 'शेरनी' मोबाइलवर कवाचाच पाह्यला. म्हने, वाघीन बरी हाय, पन म्या दोनदा थांबवून पाह्यलं, आपल्यासारखं वावर कुठीच नाही. त्याच्या मायले इचारलं त ते म्हने लावा, मी काई येत नाही, मले तुरीच्या शेंगा सोलाच्या हायेत.

---

प्रेषक: गुरुजी

चिरंजीवाचं म्हणणं योग्य. सोमवार करावा आणि सहालाच सुरू करावा. सिनेमा दोन तासांच्या वर आहे, थंडीही फार आहे.

परवानगीबद्दल सांगायचं तर आम्ही गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर दाखवत असू. कोणी विचारलं नाही.

---

प्रेषक: खजिनदार, डॅलस

गुरुजी, तेव्हा विचारलं नाही म्हणून आज चालतं असं नाही. पावती माझ्या सहीनं जाते. हक्कदारांचं उत्तर येईपर्यंत चौकात मंडळाच्या नावानं काहीही दाखवायचं नाही. बाळूनं आपल्या अंगणात, आपल्या खात्यावर, घरच्या लोकांना दाखवावं.

---

प्रेषक: बाळूभाऊ

घरचे म्हणजे किती? आमच्या घरचे मोजायला बसलो तर अर्धा गाव भाऊबंदच निघतो.

---

प्रेषक: खजिनदार, डॅलस

ते तू ठरव. पण मग मंडळाचा बॅनर लावता येणार नाही, आणि प्रोजेक्टरचं भाडंही तुझं तू दे. पारासमोरच्या कार्यक्रमासाठी मंजूर झालं होतं, अंगणासाठी नाही.

---

प्रेषक: शुभावहिनी, डॅलस

बॅनरवर मागच्या अध्यक्षांचा फोटो आहे का अजून? असेल तर उतरवलेलाच बरा.

---

प्रेषक: बाळूभाऊ

बॅनर उतरवला. सोमवारी सहाला आमच्या अंगणात 'शेरनी', माझं खातं, माझा खर्च. आई म्हणते चहा तिच्याकडून, पण ती आत बसणार. सरपंचबाईंच्या यजमानांना मीच जाऊन सांगून आलो. सतरंज्यांचं भाडं त्यांनी पारासाठी माफ केलं होतं, अंगणासाठी पावती फाडावी लागेल म्हणाले. ती मंडळाच्या नावानं फाडू की माझ्या, एवढं खजिनदारांनी आज कळवावं.