सेन्सरचा 0.6 आणि मुळांना लागणारं पाणी

मातीतला सेन्सर ईसी (विद्युत वाहकता; क्षार जास्त तशी ती जास्त) 0.6 डेसिसीमेन्स प्रति मीटर दाखवतोय, म्हणजे द्राक्षाच्या प्लॉटमध्ये क्षार नाहीत, असा समज होतो. थोडं थांबा. हा आकडा माती, हवा आणि पाणी या सगळ्यांचा मिळून आहे. मुळं पितात ते कणांमधलं पाणी, आणि त्याचा ईसी बराच जास्त असतो.

सेन्सर परावैद्युतांकही (डायइलेक्ट्रिक स्थिरांक; मातीत ओल जास्त तसा तो जास्त) देत असेल तर हिलहॉर्स्ट या संशोधकाचं 2000 सालचं सूत्र वापरून कणांमधल्या पाण्याचा ईसी काढता येतो. पाण्याचा परावैद्युतांक (साधारण 80) गुणिले सेन्सरचा ईसी, भागिले मातीच्या परावैद्युतांकातून 4.1 वजा केल्यावर उरेल तो आकडा. समजा मातीचा 24.1 आला, तर 80 × 0.6 ÷ 20, म्हणजे 2.4. चौपट!

गंमत अशी की माती वाळत जाते तसा सेन्सरचा ईसी उतरतो आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात पाणी कमी, मीठ तेवढंच. द्रावण दाटच होत असतं. म्हणून वाचन सिंचनानंतर, वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असताना घ्या. फार कोरड्या मातीत हे सूत्र चालतच नाही.

आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावरूनही वीज वाहते, त्यामुळे 4.1 हा आकडा डोळे झाकून धरू नका. सच्छिद्र सिरॅमिक कपाच्या नळीने दोन-तीनदा पाणी ओढून मीटरवर मोजा आणि ताडून बघा.

आणि प्रयोगशाळेचा 1:2.5 चा (एक भाग माती, अडीच भाग पाणी) ईसी रिपोर्ट याच्याशी थेट जुळवू नका. तिथे पाणी ओतून द्रावण पातळ केलेलं असतं.