मदत हवी आहे: स्लीव्हनंतर वजन परत वाढलं, आता इंजेक्शन घ्यावं का?

नमस्कार मंडळी. माझ्या ताईची २०१८ मध्ये स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन. तेव्हा वजन ११८ किलो होतं, दीड वर्षात ८२ वर आलं. मग लॉकडाऊन, गुडघेदुखी आणि खरं सांगायचं तर फरसाण! आता काटा ९७ दाखवतोय, शुगरनेही डोकं वर काढलंय.

सर्जन म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करून बायपास (हृदयाचा नव्हे, जठर-आतड्याचा) करता येईल, पण आधी टिर्झेपटाइड हे शुगर आणि वजन कमी करणारं औषध घेऊन बघा. म्हणजे मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलेलं मौन्जारो. आठवड्याला एक इंजेक्शन, सुरुवात २.५ मिलिग्रॅमपासून. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामं होतं, इथवर समजलं. पण ताईचं जठर आधीच केळ्याएवढं उरलंय, ती एका वेळी जेमतेम एक पोळी खाते. त्यात भूक आणखी कमी झाली तर प्रथिनं कुठून मिळणार? बी-१२ तर तिचं आधीपासूनच कमी असतं.

दाजींचं वेगळंच. "एकदा पोट कापून घेतलं, आता सुया कशाला?" त्यांना काय सांगू?

स्लीव्ह किंवा बायपासनंतर कोणी हे इंजेक्शन घेतलंय का? मळमळ, उलट्या कितपत झाल्या? जेवण कसं बसवलंत? आणि बंद केल्यावर वजन टिकलं का? डोस डॉक्टरच ठरवतील, तुमचे अनुभव मात्र हवेत. पुढच्या गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.