एमबीए फायनान्स संपतंय, क्रेडिटचं प्रत्यक्ष काम कुठे शिकायचं?

कल्याण_स्लो
नमस्कार. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एमबीए फायनान्सचं शेवटचं सत्र चालू आहे. त्याआधी बी.कॉम. कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्यांना विमा आणि क्रेडिट कार्ड विकायला माणसं हवी आहेत. मला क्रेडिट अ‍ॅनालिस्ट व्हायचंय, म्हणजे कर्ज मागणाऱ्याची ऐपत तपासायचं काम, बँकेत किंवा रेटिंग एजन्सीत (कंपन्यांच्या पतीला दर्जा देणारी संस्था). एनपीव्ही, आयआरआर अशी गुंतवणुकीची गणितं परीक्षेत सोडवता येतात. पण जाहिरातींत 'सीएमए डेटा', 'मॉडेलिंग' (एक्सेलमध्ये कंपनीचे पुढचे आकडे मांडणं), 'वर्किंग कॅपिटल असेसमेंट' मागतात, आणि यातलं काहीच कॉलेजात कुणी हातात दिलेलं नाही. दादरला मॉडेलिंगचा एक क्लास आहे, फी ४५ हजार. बाबा भरतो म्हणतात, पण धाकट्या बहिणीचा प्रवेशही याच वर्षी आहे. क्लास लावू का?

मुलुंड_पूर्व
इतक्यात भरू नकोस. मी एका बँकेच्या क्रेडिट विभागात आहे, बीकेसीला. लघुउद्योगांच्या कर्जाच्या फायली बघते आणि नव्या मुलांच्या मुलाखतींनाही बसते. क्लासमध्ये तयार फाइल देतात, आकडे आधीच स्वच्छ केलेले असतात. आमच्याकडे कागद तसे येत नाहीत. मुलाखतीत मी फिरून फिरून एकच गोष्ट तपासते: या धंद्याचा पैसा कुठे अडकलाय, हे या मुलाला दिसतं का?

उदाहरणच घे. वसईत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे असं समज. वर्षाची उलाढाल ६ कोटी, म्हणजे महिन्याला ५० लाख. गिऱ्हाईक तीन महिन्यांनी पैसे देतं, म्हणजे येणी दीड कोटी. माल पडलाय ४० लाखांचा. कच्चा माल देणाऱ्यांचे ३० लाख द्यायचेत. दीड कोटी अधिक ४० लाख वजा ३० लाख: १ कोटी ६० लाख धंद्यात कायमचे गुंतलेले.

आता बँकेची बाजू. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या पद्धतीने अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल (वर्किंग कॅपिटल, रोजच्या धंद्यात फिरणारा पैसा) धरतात, त्यातले २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाने घालायचे. इथे बँकेचे १ कोटी २० लाख, मालकाचे ३० लाख, एकूण दीड कोटी. गरज १ कोटी ६० लाखांची. वरचे १० लाख कुठून येणार, हा तुझा पहिला प्रश्न.

पुढे मोठं गिऱ्हाईक तीनऐवजी चार महिन्यांनी पैसे द्यायला लागलं, आणि बाकीच्यांनीही तेच केलं. येणी २ कोटी झाली, गरज २ कोटी १० लाखांवर गेली. नफा-तोटा पत्रकात एक रुपयाचाही फरक नाही! शिवाय बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी बघून त्या वेळी किती पैसे उचलता येतील ती मर्यादा) काढताना ९० दिवसांवरची येणी धरतच नाहीत. म्हणजे पैशाची गरज वाढली, तेव्हाच जुने ५० लाख हिशेबातून बाहेर पडले. नफ्यातला कारखाना पगाराला अडतो तो असा. मुलाखतीत हे कागदावर मांडून दाखवणारा मुलगा मला लगेच हवा असतो, मग त्याचं कॉलेज कुठलंही असो.

हे शिकायची जागा म्हणजे छोट्या सीएचं ऑफिस. डोंबिवली, ठाणे, गिरगाव, कुठलंही. बँकेला द्यायचा सीएमए डेटा बहुधा तिथेच तयार होतो: मागच्या वर्षांचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा अंदाज, पुढच्या वर्षांचं प्रक्षेपण, सगळं ठरावीक तक्त्यांत. पैसे मिळाले नाहीत तरी दोन-तीन महिने बस. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्रातली विक्री आणि टॅलीतली विक्री जुळवून बघ. येणी किती दिवसांची आहेत त्याची यादी काढायला शीक. बँक स्टेटमेंटमध्ये भावाच्या किंवा पुतण्याच्या खात्यात पैसे जाऊन महिनाअखेरीला परत येतात का, ते शोध. हे कुठल्याही क्लासात मिळणार नाही.

आणि घरी बसून करायचं काम: क्रिसिल, इक्रा, केअर या रेटिंग एजन्सींच्या वेबसाइटवर प्रत्येक रेटिंगमागची कारणं लिहिलेली असतात, वाचायला पैसे पडत नाहीत. एखादी मध्यम आकाराची, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी निवड. आधी तिचा वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवरून घे, स्वतः एक पानी टिपण लिही: कर्ज द्यावं का, किती, कशाच्या जोरावर, भीती कशाची. मगच रेटिंगवाल्यांचं टिपण उघड. त्यांनी धरलेला आणि तुझ्या नजरेतून सुटलेला मुद्दा कुठला, त्यावर वही भर. अशी पाच-सहा टिपणं मुलाखतीला बरोबर आण.

एक्सेल त्यातूनच येईल. आकडे हाताने टाक, तयार उतारा नको. रोकड प्रवाहाची शेवटची रक्कम ताळेबंदाशी जुळेपर्यंत उठू नकोस. जुळली नाही, तर 'इतर बँक शिल्लक' ही ओळ आधी तपास. मुदत ठेवी बऱ्याचदा तिथे असतात आणि मुलं त्या रोकडीत मिसळतात.

लोअर_परळ_प
मी शेअर संशोधनात आहे. ताईंचं पटलं. फक्त एक जोडतो: अहवालाच्या मागच्या टिपा सोडू नकोस. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हा भाडेकरारांच्या हिशेबाचा नियम लागू झाला आणि दुकानांचं बरंचसं भाडं खर्चातून निघून घसारा आणि व्याजात गेलं. एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) फुगला, धंदा होता तिथेच. डीमार्टची बरीच दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत. भाड्याच्या दुकानांवर चालणाऱ्या साखळीशी तिचा एबिटा सरळ ताडून बघितलास, तर निष्कर्ष चुकीचा निघेल. पुढे संशोधनाकडे वळावंसं वाटलं तर एनआयएसएमची सिरीज १५ ही संशोधन विश्लेषकांची परीक्षा दे, या कामाला ती लागतेच. क्रेडिटसाठी तिची घाई नाही.

कल्याण_स्लो
ताई, दादा, मनापासून आभार. क्लास तूर्त बाजूला ठेवतो. मामाच्या ओळखीचे एक सीए डोंबिवलीत आहेत. पण ते बाहेरच्या मुलाला पक्षकारांचे कागद दाखवतील? आणि बायोडेटात हे लिहायचं कसं?

मुलुंड_पूर्व
पहिल्या दिवशी नाही दाखवणार, आणि ते बरोबरच आहे. व्हाउचर लावायला दिले तर ते नीट लाव, विश्वास तिथूनच बसतो. कागद घरी नेऊ नकोस, मोबाइलवर फोटो काढू नकोस. बायोडेटात पक्षकाराचं नाव कधीच नको. 'सुटे भाग बनवणारा उद्योग, उलाढाल सुमारे ६ कोटी, सीएमए डेटा तयार करण्यात मदत' एवढं पुरे. मुलाखतीत कुणी नाव काढून घ्यायला बघितलं, तरी सांगू नकोस. आम्ही तेही बघतो.

सप्टेंबरात जाऊ नकोस, ३० तारखेच्या टॅक्स ऑडिटच्या मुदतीपायी तिथे कुणाला तुझ्याशी बोलायला वेळ नसेल. मार्चच्या सुरुवातीला जा, आणि ३१ मार्चला एखाद्या कारखान्यात माल मोजायला पाठवा असं आपणहून सांग. गोदामात मागच्या रांगेत गंज चढलेले खोके दिसले, तर ते पुस्तकात कुठल्या भावाने धरलेत, ते संध्याकाळी ऑफिसात येऊन विचार.