मदत हवी आहे : मंद प्रकाशात लेबल वाचता येईल अशी मांडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी. संग्रहालयातली प्रदर्शनं आखायला शिकतेय आणि पहिल्यांदाच एक छोटं दालन माझ्यावर सोपवलंय. जुनी हस्तलिखितं आणि भरतकामाची वस्त्रं, मिळून 22 वस्तू.

अडचण उजेडाची आहे. कागद, कापड, नैसर्गिक रंग यांच्यासाठी 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास थांबायचं, हे पटलंय. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठतच जातं. पण चाचणी म्हणून मांडणी केली तेव्हा एक आजी काचेला कपाळ टेकवून लेबल वाचत होत्या. शेवटी त्यांनी नातवाला वाचून दाखवायला सांगितलं. ते काही डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांच्यासाठीच तर हे मांडायचं ना!

अक्षरं मोठी केली, मजकूर 60 शब्दांवर आणला. तरी काचेवर दिव्यांचं प्रतिबिंब येतंच. लेबल काचेबाहेर, कंबरेच्या उंचीवर तिरकं लावून त्याला वेगळा दिवा द्यावा का? त्याचा उजेड वस्त्रावर सांडू नये म्हणून काय करता? डोळे सरावावेत म्हणून दालनाकडे येणारा भाग हळूहळू मंद करत नेलाय का कुणी?

आणखी एक. वस्तू निम्म्या कराव्यात असं वाटू लागलंय, पण कुठली काढायची म्हटलं की हात थांबतो. तुम्ही आधी काय ठरवता, सांगायची गोष्ट की वस्तू? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर लिहा. मांडणीचे फोटो असतील तर फारच उत्तम.